ब्रिटनमध्ये लॉरीचालक व्हायचंय? थिअरी परीक्षेची तयारी अशी करा

कसारा घाटात वर्षानुवर्षं मालाची गाडी उतरवलेल्या माणसाचा हात स्टिअरिंगवर पक्का बसलेला असतो. ब्रिटनमध्ये त्याला अडवते ती लॉरीची थिअरी परीक्षा. अनुभव नसतो म्हणून नव्हे, तर प्रश्न वाचताच अनुभवातून उत्तर निघून जातं आणि परीक्षेला तिथल्या नियमाचं उत्तर हवं असतं म्हणून. तेव्हा ही तयारी करताना प्रत्येक नियमामागचं कारण समजून घ्या. पाठ केलेलं उत्तर शब्द फिरवले की निसटतं, कळलेलं कारण टिकतं.

पुढची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे.

आधी परवान्याचा क्रम

भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही. इथे राहायला आल्यापासून बारा महिने त्यावर कार चालवता येते, पण भारतातल्या अवजड वाहनाच्या नोंदीचा लॉरीसाठी काही उपयोग होत नाही. म्हणून आधी कारचा इथला पूर्ण परवाना काढावा लागतो. त्याची थिअरी आणि प्रत्यक्ष परीक्षा वेगळी असते. कारची थिअरी पास झालात म्हणून लॉरीच्या थिअरीतून सुटका होत नाही.

कारचा परवाना हातात आला की डीव्हीएलएकडून, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, डी२ आणि डी४ हे दोन फॉर्म मागवा. डी२ हा लॉरीच्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, परवान्याचा अर्ज, तर डी४ हा डॉक्टरांनी भरायचा वैद्यकीय अहवाल. अर्जाला फी नाही, डॉक्टर मात्र आपली फी घेतात आणि ती जागोजागी वेगळी असते. दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. डॉक्टरांची सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अहवाल पोचला पाहिजे, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते. नजरेची अट कारपेक्षा कडक आहे: चांगल्या डोळ्याने ६/७.५ आणि दुसऱ्याने किमान ६/६० दिसायला हवं, चष्मा लावून चालतो. जुना चष्मा असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी नंबर तपासून घ्या, कारण फॉर्म इथे अडकू शकतो.

कमीत कमी वय १८. प्रोव्हिजनल परवान्यावर लॉरीचा वर्ग, म्हणजे सी, उमटला की थिअरी बुक करता येते.

परीक्षेचे तुकडे

पहिल्या भागात दोन परीक्षा आहेत आणि त्या वेगवेगळ्या बुक करायच्या असतात. बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत १०० प्रश्न, वेळ १ तास ५५ मिनिटं, पास व्हायला ८५ गुण. दुसरी हॅझर्ड परसेप्शनची, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखण्याची. तिच्यात १९ व्हिडिओ असतात, १०० पैकी ६७ गुण लागतात. कोणतीही आधी देता येते, दोन्ही एकाच दिवशी दिल्या तरी चालतात. फी अनुक्रमे २६ आणि ११ पौंड आहे.

लॉरी चालवून पोट भरायचं असेल तर ड्रायव्हर सीपीसी हे प्रमाणपत्रही लागतं. त्याच्या दुसऱ्या भागात केस स्टडी असतात: सात प्रसंग, मिळून ५० प्रश्न, वेळ सव्वा तास, पास व्हायला ४० गुण, फी २३ पौंड. हा भाग पहिल्या भागाआधीही देता येतो, पण तसं करू नका. केस स्टडीत जे विचारतात त्याचा पाया पहिल्या भागाच्या अभ्यासातच घातला जातो.

बुकिंग गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवरूनच करा. शोधल्यावर वर येणाऱ्या काही खासगी साइट 'नापास झालात तर पुन्हा मोफत' असं सांगून जास्त पैसे घेतात. मागितलेली रक्कम वरच्या आकड्यांपेक्षा बरीच मोठी दिसली तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात असं समजा.

भाषेची तयारी वेगळी करा

२०१४ पासून थिअरी परीक्षांत दुभाषा मिळत नाही आणि परदेशी भाषांतला आवाजही बंद झाला. पंजाबी, उर्दू, गुजराती पूर्वी होत्या, आता फक्त इंग्रजी आणि वेल्श. पण बुक करताना इंग्रजी व्हॉइसओव्हर मागता येतो, मग हेडफोनवर प्रश्न आणि पर्याय वाचून दाखवले जातात. ज्यांना बोललेलं इंग्रजी चांगलं कळतं पण वाचायला वेळ लागतो, त्यांनी तो जरूर मागावा. बुकिंगनंतर, परीक्षेच्या दिवशी मागून उपयोग नाही.

एक वही इंग्रजी शब्दांसाठी ठेवा. नियरसाइड म्हणजे फुटपाथाकडची, डावी बाजू. ऑफसाइड म्हणजे रस्त्याच्या मध्याकडची, उजवी. हे दोन उलटे झाले तर येत असलेले प्रश्नही चुकतात. ओव्हरहँग, टेल स्विंग, जॅकनाइफ, ब्रेक फेड, रिटार्डर, फिफ्थ व्हील, लँडिंग लेग, क्रॉसविंड असे चाळीस-पन्नास शब्द पुरेसे आहेत. प्रत्येकासमोर नुसता अर्थ लिहू नका, तो भाग किंवा ती घटना चित्रात किंवा व्हिडिओत बघा. आणि प्रश्नातला 'नॉट' किंवा 'फर्स्ट' कधीही नजरेतून सुटू देऊ नका. 'सर्वांत आधी काय कराल' या प्रश्नाचे चारही पर्याय बरोबर असू शकतात, विचारलेला असतो क्रम.

अभ्यासाला तीन पुस्तकं लागतात: हायवे कोड म्हणजे रस्त्याच्या नियमांचं पुस्तक, वाहतूक चिन्हांचं पुस्तक आणि परीक्षा घेणाऱ्या डीव्हीएसए या संस्थेचं मालवाहू वाहनांवरचं अधिकृत मार्गदर्शक. ॲप घ्यायचं तर एलजीव्हीचं, म्हणजे लॉरीचं घ्या. कारचं ॲप अपुरं पडतं, तर पीसीव्ही म्हणजे बसचं, त्यात प्रवाशांचे प्रश्न मिसळलेले असतात. फुकट ॲपमध्ये नियम जुने असण्याचा धोका असतो. तपासायची सोपी खूण अशी: इंग्लंडमध्ये साडेसात टनांवरच्या लॉरीला दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० मैलांची मर्यादा दाखवत असेल तर ते ॲप २०१५ पूर्वीचं आहे. तेव्हापासून इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा ५० झाली, स्कॉटलंडमध्ये ४० राहिली. दुभाजकाच्या रस्त्यावर इंग्लंड-वेल्समध्ये ६०, स्कॉटलंडमध्ये ५०. मोटरवेवर सगळीकडे ६०. गाडीतला लिमिटर मात्र ५६ मैलांना अडवतो. कायद्याची मर्यादा आणि लिमिटरचा आकडा यांची गल्लत होते, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

रोज एक तास दिला तर पाच-सहा आठवडे पुरतात. सराव परीक्षेत सलग ९२-९३ गुण येऊ लागले की तारीख घ्या. ८५ वर घुटमळत असाल तर थांबा.

तासांचे नियम: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

भारतातल्या चालकाला हा विषय सर्वांत परका वाटतो आणि परीक्षेत तो पुन्हा पुन्हा येतो. नियमांचं कारण एकच: थकलेला चालक स्वतःचा थकवा ओळखू शकत नाही, म्हणून तो निर्णय त्याच्यावर सोडलेला नाही.

युरोपीय संघाच्या (ईयू) नियमांचे आकडे असे. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती. दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १० तास चालतं. आठवड्याला ५६ तास, सलग दोन आठवड्यांना मिळून ९०. म्हणजे एका आठवड्यात ५६ तास चालवले तर पुढच्यात फक्त ३४ उरतात. रोजची विश्रांती ११ तास. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीनदा ती ९ तासांवर आणता येते. साप्ताहिक विश्रांती ४५ तास, कमी केली तरी २४ पेक्षा कमी नाही.

आता एक दिवस कागदावर मांडू. सकाळी ६ ला काम सुरू, ७ पर्यंत माल भरला. ७ ते ९ गाडी चालवली. ९ ते ९.१५ विश्रांती. ९.१५ ते ११.४५ पुन्हा चालवली, म्हणजे चालवण्याचे साडेचार तास भरले. ११.४५ ते १२.१५ विश्रांती. पंधरा आणि तीस मिळून ४५ झाले आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. १२.१५ ते ४.४५ चालवली की नऊ तास पूर्ण. विश्रांतीचे ११ तास काम सुरू झाल्यापासूनच्या २४ तासांत बसले पाहिजेत, त्यामुळे संध्याकाळी ७ ला सगळं काम थांबायला हवं. विश्रांती ९ तासांवर आणली तर रात्री ९ ला.

चुका तीन ठिकाणी होतात. विश्रांतीचे तुकडे करायचे तर आधी १५ आणि मग ३० असाच क्रम लागतो. आधी ३० आणि मग १५ घेतली तर ती पूर्ण धरत नाहीत. दुसरं, माल उतरवत घालवलेला वेळ विश्रांती नसतो. टॅकोग्राफवर, म्हणजे चालकाचे तास नोंदवणाऱ्या यंत्रावर, तो एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्यांच्या चिन्हाखाली 'इतर काम' म्हणून जातो. पलंगाचं चिन्ह विश्रांतीचं, स्टिअरिंगचं चालवण्याचं, तिरकी रेघ असलेला चौकोन म्हणजे हजर पण मोकळा. ही चारही चिन्हं चित्रावरून ओळखता आली पाहिजेत. तिसरं, ब्रिटनचे देशांतर्गत नियम वेगळे आहेत, त्यात दिवसाला १० तास चालवणं आणि ११ तास ड्यूटी. प्रश्नात कोणते नियम म्हटलंय ते आधी पाहा.

टॅकोग्राफचं कार्ड एका चालकाला एकच मिळतं, ते दुसऱ्याला देणं गुन्हा आहे. हरवलं तर सात दिवसांत कळवायचं. त्यानंतरही प्रवासाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रिंट काढून जास्तीत जास्त १५ दिवस गाडी चालवता येते.

उंची, वजन, माल

पुलांची उंची इथे फूट-इंचांत लिहितात. चौदा फूट सहा इंच म्हणजे ४.४२ मीटर. तो आकडा 'चौदा पूर्णांक सहा' असा वाचलात तर चुकलात, कारण फुटाला बारा इंच असतात. उंचीचा फलक नसलेल्या पुलाखाली निदान १६ फूट ३ इंच मोकळी जागा असते. तीन मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये तिची उंची लिहून लावणं बंधनकारक आहे. रेल्वेपुलाला धडक बसली तर आधी रेल्वेला कळवायचं. नंबर पुलावरच्या पाटीवर असतो. पुलावरून येणारी रेल्वेगाडी थांबवणं हे सर्वांत तातडीचं काम, म्हणून हा क्रम.

वजनाचे चार आकडे पुरतात: दोन ॲक्सल १८ टन, तीन ॲक्सल २६, चार ॲक्सलची अखंड गाडी ३२, सहा ॲक्सलची ट्रेलर जोडलेली ४४. त्याहून महत्त्वाची गोष्ट ॲक्सलवरच्या वजनाची. वाटेत पाच ठिकाणी माल उतरवायचा आहे आणि मागचा मागचा माल आधी निघतोय, असं समजा. एकूण वजन कमी होत जातं तरी पुढच्या ॲक्सलवरचा भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो, कारण मागे झुकवणारं वजन नाहीसं होतं. उपाय: उरलेला माल मागे सरकवून पुन्हा बांधणे.

माल बांधताना पुढच्या दिशेने मालाच्या पूर्ण वजनाइतका, तर बाजूंना आणि मागे निम्म्या वजनाइतका जोर सहन झाला पाहिजे. ब्रेक मारल्यावर माल सर्वांत जोरात पुढे जातो, हे त्यामागचं कारण. बाजूंना पडदे असलेल्या कर्टनसाइडर गाडीचा साधा पडदा पाऊस अडवतो, माल अडवत नाही. 'पडदा बंद आहे म्हणून माल सुरक्षित' असा पर्याय दिसला तर तो सोडून द्या. टँकरमध्ये थांबल्यावरही द्रव पुढे आदळतो आणि गाडीला ढकलतो, म्हणून ब्रेक हळूहळू लावायचा आणि गाडी थांबल्यावर ताबडतोब सोडायचा नाही.

टायरची नक्षी कारला १.६ मिलिमीटर, लॉरीला १ मिलिमीटर, तीही रुंदीच्या तीन-चतुर्थांश भागात आणि पूर्ण घेरावर. नुकतीच कारची परीक्षा दिलेले लोक इथे हमखास १.६ निवडतात.

ब्रेक आणि ट्रेलर

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सुटते, हाच ब्रेक फेड. खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर यांच्यावर वेग धरायचा, पायाचा ब्रेक थंड ठेवायचा. घाटात चालवलेल्यांना हे हाताला माहीत असतं. नवीन भाग हा की निसरड्या रस्त्यावर रिटार्डर जपून वापरावा लागतो. तो फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर काम करतो, ती घसरली की ट्रेलर मागून ढकलतो आणि पुढची गाडी ट्रेलरकडे दुमडते, म्हणजे जॅकनाइफ होऊ शकतं. ब्रेकच्या हवेच्या टाकीत पाणी साठतं आणि थंडीत गोठतं, म्हणून टाक्या रिकाम्या करायच्या. हवेचा दाब कमी झाल्याचा बझर वाजला तर सुरक्षित जागी थांबायचं, दोष दुरुस्त होईपर्यंत पुढे जायचं नाही.

ट्रेलर जोडण्या-सोडण्याचा क्रम वहीत दोनदा लिहून काढा. सोडताना: सपाट, टणक जागा, पार्किंग ब्रेक, लँडिंग लेग (ट्रेलरचे आधाराचे पाय) खाली, हवेचे आणि विजेचे पाइप काढून जागेवर, डॉग क्लिप (लॉक पक्कं ठेवणारी क्लिप), फिफ्थ व्हीलचं (ट्रेलर जोडायच्या चकतीचं) हँडल, मग हळू पुढे. जोडताना ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागलेला आहे की नाही हे सर्वांत आधी बघायचं. नसेल तर मागे घेताना ट्रेलर सरकतो आणि मधला माणूस चिरडला जातो. लॉक बसल्यावर खालच्या गिअरमध्ये पुढे ओढून बघायचं, मग क्लिप, पाइप, लेग वर, दिवे, नंबर प्लेट.

पायी चालणारे, सायकली, घोडे

२९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोड बदलला. ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी जास्त, आणि त्या यादीत लॉरी वरच्या टोकाला आहे. तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला फक्त उभ्या असलेल्या माणसालाही आता वाट द्यायची. सायकलला ३० मैलांपर्यंतच्या वेगात किमान दीड मीटर जागा, घोड्याला किमान २ मीटर आणि वेग १० मैलांच्या आत. हॉर्न हा इथे 'बाजूला हो' सांगायचा मार्ग नाही. हॉर्न वाजवण्याचा किंवा दिवे मारण्याचा पर्याय बहुतेक वेळा चुकीचा असतो. डावीकडे वळताना लॉरी आधी थोडी उजवीकडे जाते, तेव्हा मोकळ्या दिसणाऱ्या डाव्या जागेत सायकल घुसते. डावा आरसा पाहण्याचा पर्याय दिसला की नीट विचार करा, बरेचदा तोच बरोबर असतो.

हॅझर्ड परसेप्शन

१९ व्हिडिओंत २० धोके असतात, म्हणजे एकात दोन. कोणत्या ते सांगत नाहीत. धोका आकार घेऊ लागला की माउस क्लिक करायचा. लवकर केला तर ५ गुण, मग ४, ३, २, १, उशीर झाला की शून्य. ६७ साठी दर धोक्यामागे सरासरी साडेतीनच्या जरा खाली गुण लागतात. व्हिडिओ पुन्हा दिसत नाही.

धोका कशाला म्हणायचं ते पक्कं करा: ज्यामुळे तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागेल ते. कडेला उभी कार हा नुसता संभाव्य धोका. तिचा इंडिकेटर लागला, चाक वळलं, की तो घडू लागला. क्लिक तिथे.

भारतातल्या वर्दळीत चालवलेल्या माणसाची अडचण डोळ्यांची असते. फुटपाथाच्या कडेला आलेला मुलगा, मागे वळून बघणारा सायकलवाला, गल्लीच्या तोंडाशी पुढे सरकलेली व्हॅन हे सगळं आपल्याला नेहमीचं वाटतं आणि आपण वाट बघत बसतो. इथे गुण त्या पहिल्या हालचालीलाच असतात. उलट कोणी घाबरून दर सेकंदाला क्लिक करतो, तर संगणक तो ठेका ओळखतो आणि त्या व्हिडिओला शून्य देतो. चांगली पद्धत अशी: शंका आली तेव्हा एक, हालचाल सुरू झाली तेव्हा दुसरा, खात्री झाली तेव्हा तिसरा. एका धोक्याला तीन पुरे. अनुभवी लोक कधी कधी गुण मोजण्याची वेळ सुरू होण्याआधीच पहिला क्लिक करतात, म्हणून दुसरा क्लिक सोडू नका.

सरावासाठी बसमध्ये किंवा कारमध्ये शेजारी बसलेले असताना पुढचा रस्ता पाहत 'आता काय बदललं' हे पुटपुटत राहा. मान्यताप्राप्त व्हिडिओंचे दोन-तीन संच पुरतात. तेच व्हिडिओ दहादा पाहिले की धोका पाठ होतो आणि नजर तशीच राहते.

केस स्टडी

एका चालकाचा दिवस वर्णन केलेला असतो: किती वाजता निघाला, काय भरलं, कुठे अडला. प्रत्येकावर सहा ते आठ प्रश्न. सव्वा तासात सात प्रसंग म्हणजे एकाला साधारण दहा मिनिटं. आधी प्रसंग एकदा पूर्ण वाचा, मग प्रत्येक प्रश्नाला परत त्यात जाऊन वेळ आणि आकडे बघा. नियम आठवणीतून आणि तपशील मजकुरातून, अशी जोडी लागते. 'आमच्याकडे असं करतात' याला इथे जागा नाही.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

फोटो असलेलं परवान्याचं कार्ड घेऊन जा. फोनमधला त्याचा फोटो चालत नाही. कार्ड नसेल तर परत पाठवतात आणि फी जाते. बॅग, फोन, घड्याळ लॉकरमध्ये ठेवावं लागतं. बहुपर्यायी प्रश्नांत अवघड प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं. पहिला फेरा सव्वा तासात संपवा आणि उरलेल्या वेळात फक्त खूण केलेले बघा. ठोस कारण सापडल्याशिवाय पहिलं उत्तर बदलू नका.

निकाल तिथेच मिळतो. नापास झालात तर किमान तीन कामाच्या दिवसांनंतर फक्त तोच तुकडा पुन्हा द्यायचा, निकालपत्रावर कोणत्या विषयात गुण गेले ते दिलेलं असतं. पास झालेला तुकडा दोन वर्षं टिकतो आणि त्या मुदतीत दुसरा तुकडा तसंच गाडीची प्रत्यक्ष परीक्षाही पूर्ण व्हावी लागते. म्हणून ट्रेनिंगचे पैसे आणि सुट्टी यांची सोय होण्याची चिन्हं दिसू लागल्यावरच पहिली तारीख घ्या, आणि पास पत्राचा फोटो काढून ठेवा: त्यावरचा क्रमांक प्रत्यक्ष परीक्षा बुक करताना विचारतात.